ओकोनालुफ्टीचं जुळवलेलं शेत

जॉन डेव्हिसने घर बांधायला काढलं ते १९०० च्या आसपास. चेस्टनटचा सरळ, जाडजूड बुंधा निवडायचा, तो उभा चिरून दोन फाका करायच्या, एक फाक या भिंतीत आणि दुसरी बरोबर समोरच्या भिंतीत बसवायची, अशी त्याची पद्धत. त्यामुळे समोरासमोरच्या भिंती एकमेकींच्या जोडीदार झाल्या. एकीत गाठ असेल तर दुसरीतही तिची जोडगाठ. धुराड्यासाठी दगड लागले ते त्याच्या दोन थोरल्या मुलांनी वेचले आणि बैल जुंपलेल्या लाकडी घसरीवरून ओढून आणले. मुलांची वयं होती आठ आणि चार.

आज हे घर अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यात, ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कच्या दक्षिण वेशीवर, ओकोनालुफ्टी नदीकाठच्या सपाट मळईत उभं आहे. भोवती चिरलेल्या लाकडांचं नागमोडी कुंपण, कुंपणाच्या आत कोंबड्या, परसबाग, मक्याचं छोटं वावर, गोठा, लोहारशाळा. याला माउंटन फार्म म्युझियम म्हणतात. अटलांटा, शार्लट, रॅली इथली मराठी कुटुंबं ऑक्टोबरात पानांचे रंग पाहायला या डोंगरांत येतात, तेव्हा घाट चढण्याआधी इथल्या पर्यटक केंद्रावर पाय मोकळे करतात. केंद्राच्या मागे हे शेत दिसतं. मुलं कोंबड्यांमागे धावतात, वडीलधारे ओसरीत उभं राहून फोटो काढतात, आणि ‘कसे राहत असतील हो हे लोक’ असं म्हणत सगळे गाडीत बसतात.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की इथे ते लोक राहतच नव्हते. हे शेत या जागी कधीच नव्हतं. डेव्हिसचं घर टॉमस डिव्हाइड नावाच्या डोंगरसोंडेवरून आणलेलं आहे. लोहारशाळा डोंगररांगेपलीकडच्या टेनेसी राज्यातल्या केड्स कोव्हची. सफरचंदांची कोठी लिटल कॅटालूची खोऱ्यातली. बाकीचीही अशीच पार्कच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली. १९५० च्या दशकात ती सुटी करून, इथे आणून पुन्हा जोडली. इथलीच म्हणावी अशी एकच इमारत आहे, इन्लो घराण्याचा भलामोठा गोठा, आणि तोही मूळ जागेवरून थोडा सरकवलेला. त्याच्या छपरावर हाताने फोडलेल्या सुमारे १६,००० लाकडी फळ्या आहेत. जुन्या काळी इथून गुरांचे आणि डुकरांचे तांडे बाजाराला हाकत नेले जायचे, तेव्हा हाकणारे रात्री अशा गोठ्यांत उतरायचे.

इन्लोंबद्दल एक वदंता आहे आणि ती या खोऱ्यात आजही चवीने सांगितली जाते. अब्राहम लिंकनची आई इथे इन्लोंच्या घरी कामाला होती आणि लिंकनचा खरा बाप म्हणजे त्याचा नावभाऊ अब्राहम इन्लो, असं ते म्हणणं. यावर १८९९ साली एक पुस्तकही निघालं. इतिहासकार हे मानत नाहीत. पण आपल्या खोऱ्यातून कुणी थोर माणूस निघाला असावा ही हौस कुठल्या मुलुखाला नसते!

जुन्या इमारती उचलून एकत्र मांडायची कल्पना काही अमेरिकेची नव्हे. स्टॉकहोममध्ये आर्तूर हाझेलियुसने १८९१ साली स्कान्सेन उघडलं, स्वीडनभरची शेतघरं एका टेकडीवर आणून ठेवली, आणि युरोपातल्या पुढच्या खुल्या संग्रहालयांना तो कित्ता झाला. तिथे निदान स्पष्ट असतं की हे जमवलेलं आहे. ओकोनालुफ्टीला मात्र जमवाजमव इतकी बेमालूम झाली आहे की डोळ्यांना एकसंध कुटुंब दिसतं. आजोबा, बाबा, सहा-सात पोरं, एक गाय, आत्ताच कुठेतरी नदीवर गेले असावेत असं. सरकारी माहितीपत्रक इमारती कुठकुठून आल्या ते सांगतं, लपवत नाही. पण माहितीपत्रक किती जण वाचतात?

तरीही इथला एकेक तुकडा अस्सल आहे, आणि तो नीट पाहिला तर डोंगरी शेतकऱ्याचं वर्ष उलगडत जातं. मांसाची कोठी घराला लागून, नजरेच्या टप्प्यात. कारण घरातला सगळ्यात किमती ऐवज तिथे. थंडी चांगली पडली की डुकरं मारायची, मांस मिठात मुरवायचं, धुरी द्यायची, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं. ही डुकरं गोठ्यात वाढलेली नसायची. कानाला मालकाची खूण कापून ती रानात सोडलेली असायची, आणि शरद ऋतूत चेस्टनटच्या फळांचा सडा पडला की त्यावर चरून माजायची. खाद्याचा खर्च शून्य. मका माणसांसाठी, जनावरांसाठी आणि, सगळ्यांना ठाऊक असलेली पण पाटीवर फारशी न लिहिली जाणारी गोष्ट म्हणजे, दारूसाठी. मक्याच्या कणगीच्या ओंडक्यांत मुद्दाम फटी ठेवलेल्या दिसतात. वारा खेळला नाही तर कणसं बुरसतात.

झऱ्यावर बांधलेली छोटी खोली म्हणजे त्यांचं शीतगृह. वाहत्या गार पाण्यात दुधाची, लोण्याची भांडी ठेवायची. राखेचा एक उभट लाकडी हौद आहे. चुलीतली राख त्यात साठवायची, वरून पाणी ओतायचं, खाली झिरपणारं तिखट पाणी धरायचं. त्याच पाण्यात मक्याचे दाणे शिजवून त्यांची सालं काढायची, आणि त्याच पाण्यात डुकराची चरबी उकळून साबण करायचा. मधमाश्यांची घरंही अशीच फुकटची. ब्लॅक गम नावाच्या झाडाचा बुंधा आतून आपोआप पोकळ होतो. तो कापून उभा केला, आत दोन काटक्या आडव्या खुपसल्या, वर फळी ठेवली की झालं. छपराच्या फळ्या चंद्र उतरणीला असतानाच फोडायच्या आणि ठोकायच्या, नाहीतर त्यांचे कोपरे वर वळतात, असा समज होता. घरापुढचं अंगण गवत उपटून, झाडून लख्ख ठेवायचं, म्हणजे साप दिसतो आणि वणवा घरापर्यंत पोचत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण मराठी माणसाला इथे खरी ओळख पटते ती चरकापाशी. दोन-तीन लोखंडी लाटा, वर एक लांब वाकडा दांडा, त्याला खेचर किंवा घोडा जुंपलेला, तो गोल फिरतोय आणि लाटांमधून ताटं पिळून हिरवट रस निघतोय. शेजारी लांबट चुलाण, वर काहील, मळी काढत उभी असलेली माणसं, भोवती गांधीलमाश्या. हे गुऱ्हाळच आहे. फरक इतकाच की ताटं उसाची नाहीत, ज्वारीची आहेत. गोड ज्वारी. तिचा रस आटवून गूळ करत नाहीत, काकवीलाच थांबतात, आणि ती काकवी मक्याच्या गरम भाकरीसारख्या पावावर घालून खातात. ही ज्वारी अमेरिकेत आली १८५० च्या दशकात. डोंगरात ऊस होत नाही आणि विकतची साखर परवडत नाही, म्हणून तिने घराघरांत जागा मिळवली. सप्टेंबरात इथे डोंगरी जीवनाचा एक दिवसाचा मेळा भरतो तेव्हा ही काकवी प्रत्यक्ष शिजते. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘मधुरा’ हे गोड ज्वारीचं वाण काढलं आणि तिची काकवीही केली. ज्वारीचा देश म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात मात्र ती काकवी किती जणांनी चाखली असेल, शंकाच आहे.

आता सफरचंदांच्या कोठीपाशी जरा थांबू. दगडी पाया, आत गारवा टिकावा म्हणून जाड भिंती. ही बांधली विल मेसर नावाच्या माणसाने. पाटी वाचून डोळ्यांसमोर उभा राहतो तो ठिगळाची विजार घातलेला, अनवाणी, दाढीवाला गडी. प्रत्यक्षात मेसर लिटल कॅटालूचीतला सगळ्यात श्रीमंत माणूस होता. त्याच्या बागांमधली सफरचंदं बाहेरच्या बाजारात जात. त्याच्या घराला अकरा खोल्या होत्या, गरम आणि गार पाण्याचे नळ होते, गॅसचे दिवे होते. संग्रहालयाने त्याची कोठी उचलून आणली. अकरा खोल्यांचं घर आणलं नाही. आज लिटल कॅटालूचीत चालत गेलात तर वाटेत भेटतात ती ओंडक्यांची घरं आणि १८८९ चं एक पांढरं चर्च. नळाच्या घराचा मागमूस नाही.

हा अपवाद असता तर मी सोडून दिला असता. पण पार्कभर हेच झालं. १९३० च्या दशकात या डोंगरांत राहणाऱ्यांपैकी पुष्कळांची घरं करवती गिरणीतून आलेल्या फळ्यांची, रंग दिलेली, काचेच्या खिडक्यांची होती. कॅटालूची खोऱ्यात १९१० साली साडेबाराशेच्या आसपास वस्ती होती. शाळा, टपाल, दुकानं, डाकेने मागवलेला माल. पार्क झाल्यावर ओंडक्यांची घरं ‘जुनी’ म्हणून राखली गेली आणि फळ्यांची घरं ‘नवी’ म्हणून बहुतांशी पाडली गेली. केड्स कोव्हमध्ये तर हे इतकं ठळक आहे की ड्युरवुड डन या इतिहासकाराने १९८८ साली त्या खोऱ्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा हा मुद्दा त्याला टाळता आला नाही. डनचे पूर्वज तिथलेच. परिणाम असा झाला की १९३५ साली उठवलेला समाज पाहणाऱ्याला १८३५ सालचा वाटतो.

आणि तसा वाटला की उठवणं सोपं जातं. हे मी म्हणतोय, पार्कवाले नव्हे.

पश्चिमेकडचे यलोस्टोनसारखे पार्क सरकारी जमिनीवर रेघ मारून झाले. तिथल्या मूळ जमातींचं काय झालं ही कहाणी वेगळी. स्मोकीजमध्ये मात्र इंचन्‌इंच जमीन कुणाच्या तरी नावावर होती. सहा हजारांहून जास्त तुकडे. त्यातला मोठा हिस्सा लाकूड कंपन्यांचा, ज्यांनी १९०० नंतरच्या तीसेक वर्षांत डोंगर बोडके केले. एकट्या चँपियन फायबर कंपनीला १९३१ साली जवळपास ९३,००० एकरांचे ३० लाख डॉलर मिळाले. उरलेले तुकडे छोट्या शेतकऱ्यांचे, हजाराहून अधिक शेतं. अमेरिकी काँग्रेसने पार्कला १९२६ मध्ये मंजुरी दिली, पण जमीन विकत घ्यायला पैसे दिले नाहीत. ते जमवायचे होते दोन्ही राज्यांनी आणि लोकांनी. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले. तरीही भागेना, तेव्हा जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरने आईच्या स्मरणार्थ ५० लाख डॉलर दिले. १९३४ मध्ये पार्क अधिकृत झाला. २ सप्टेंबर १९४० ला राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टने न्यूफाउंड गॅपच्या खिंडीत दगडी चौथऱ्यावरून भाषण करून तो राष्ट्राला अर्पण केला.

सुरुवातीला पार्कच्या पुरस्कर्त्यांनी लोकांना सांगितलं होतं की कुणाचं घर जाणार नाही. मग जमीन संपादनाचा कायदा आला. केड्स कोव्हचा जॉन ऑलिव्हर हा टपालवाटप करणारा, चर्चमध्ये प्रवचन देणारा, खोऱ्यात आलेल्या पाहुण्यांना भाड्याने खोल्या देणारा माणूस. म्हणजे पर्यटनाचा शत्रू मुळीच नव्हे. तो टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला, वर्षानुवर्षं भांडला, आणि १९३७ च्या अखेरीला सामान बांधून निघाला. महामंदीत बँका बुडालेल्या, त्यामुळे काहींच्या हाती आलेले जमिनीचे पैसेही बुडाले. कोयना आणि चांदोलीकाठच्या वाचकाला यातला क्रम नवा वाटू नये.

मात्र सगळ्यांना सारखा नियम नव्हता. पार्कमधल्याच एल्कमाँटला नॉक्सव्हिल शहरातल्या श्रीमंतांच्या उन्हाळी बंगल्या होत्या. १९१० सालापासूनचा त्यांचा क्लब. त्यांना जमीन विकून वर पुन्हा दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे मिळाले, ते वाढवूनही मिळाले, आणि बहुतेक पट्टे संपले ते १९९२ मध्ये. म्हणजे मका लावणारा १९३७ ला गेला आणि वीकेंडला ट्राउट पकडणारा त्याच्यामागून पंचावन्न वर्षांनी. गरिबांपैकी अपवाद म्हणून नाव घेतात ते वॉकर बहिणींचं. लिटल ग्रीनब्रायरच्या पाच अविवाहित बहिणी. हट्ट धरून बसल्या, शेवटी ४,७५० डॉलर घेतले आणि मरेपर्यंत राहण्याचा हक्क मिळवला. १९४६ मध्ये सॅटर्डे ईव्हनिंग पोस्टने त्यांच्यावर लेख छापला आणि माणसांची रीघ लागली. बहिणींनीही आल्यागेल्यांना तळलेले ‘ॲपल पाय’ विकायला सुरुवात केली, आणि त्यांच्यातल्या लुईझाने स्वतः केलेल्या कविताही. शेवटची बहीण १९६४ मध्ये वारली. जिवंतपणीच संग्रहालयातली वस्तू झालेल्या या बायका, पण निदान स्वतःच्या घरात.

लोक उठत होते तेव्हा काही जण धावपळ करून जे राहील ते टिपत होते, हेही सांगायला हवं. पार्कचा वास्तुशिल्पी चार्ल्स ग्रॉसमन घरोघर फिरून मोजमापं घेत होता. हायरम विल्बर्न नांगर, माग, चरखे, बंदुका जमवत होता. १९३८ साली त्यांनी आणि निसर्गतज्ज्ञ आर्थर स्टुप्का यांनी डोंगरी संस्कृतीच्या जतनाचा आराखडा दिला. या म्युझियमचं बीज तिथे आहे. त्याच काळात जोसेफ हॉल हा भाषाशास्त्राचा विद्यार्थी म्हाताऱ्यांच्या गोष्टी आणि गाणी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करत होता. त्यातली गाणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. या लोकांना मी दोष देणार नाही. बुलडोझरच्या एक पाऊल पुढे चालणाऱ्याला निवड करावी लागते. दोष असलाच तर तो निवडीनंतर ‘डोंगरातलं जीवन असंच होतं’ म्हणून मोकळं होण्याचा.

डोंगरी माणूस म्हणजे शिकारी, दारू गाळणारा, बाहेरच्याला गोळी घालणारा, ही प्रतिमाही त्याआधीच तयार होती. तिच्यात मोठा वाटा होरेस केफार्टच्या १९१३ च्या पुस्तकाचा. केफार्ट सेंट लुईचा ग्रंथपाल. सगळं सोडून इथे आला आणि पुढे हा पार्क व्हावा म्हणून झटला. त्याचा साथीदार जॉर्ज मासा हा जपानहून आलेला छायाचित्रकार. दोघेही पार्क झालेला पाहायला उरले नाहीत. केफार्टला डोंगर वाचवायचे होते यात शंका नाही. कुऱ्हाडी थांबल्या नसत्या तर आज इथे पाहायला काही उरलं नसतं. माणसं उठवली गेली आणि डोंगर वाचले, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि म्हणून या शेतात उभं राहून निव्वळ चिडता येत नाही.

शेताच्या कुंपणापलीकडून नदीकाठाने एक पायवाट जाते, जेमतेम दीड मैलाची. वाटेवरच्या पाट्या इंग्रजीबरोबर इथल्या मूळ चेरोकी जमातीच्या लिपीतही आहेत. ही लिपी सेक्वोया नावाच्या माणसाने १८२१ पर्यंत एकट्याने सिद्ध केली. वाट संपते तिथे चेरोकी गाव, पूर्व शाखेच्या चेरोकींचा मुलूख. हा मुलूख अमेरिकी सरकारने त्यांना दिलेलं राखीव क्षेत्र नव्हे. १८३८ मध्ये सैन्याने चेरोकींना हुसकावून मिसिसिपीपलीकडे चालत नेलं. सुमारे १६,००० माणसं, त्यांतली चार हजारांच्या आसपास वाटेत किंवा छावण्यांत मेली. ओकोनालुफ्टीकाठचे काही चेरोकी आधीच्या करारांमुळे त्यातून वाचले, काही डोंगरात लपले. नंतर विल्यम हॉलंड टॉमस या त्यांच्यातच वाढलेल्या गोऱ्या माणसाने आपल्या नावावर जमिनी विकत घेऊन त्यांना बसवलं, कारण कायद्याने त्यांना स्वतःच्या नावावर घेणं अवघड होतं. आजचा सुमारे ५७,००० एकरांचा क्वाला बाउंडरी हा मुलूख त्यातून आला.

म्हणजे इन्लोंचा गोठा ज्या मळईत आहे ती चेरोकींची कसलेली जमीन. १७७६ मध्ये सेनानी रदरफर्डच्या सैन्याने या भागातली चेरोकी गावं आणि उभी पिकं जाळली, त्यानंतर गोरी वस्ती आत सरकली. आणि परसबागेत मक्याच्या ताटांवर चढलेला घेवडा आणि पायथ्याशी पसरलेला भोपळा दिसतो, ते एकत्र लावणं चेरोकींकडूनच आलं. शिवाय १८३० च्या दशकात चेरोकीही ओंडक्यांच्या घरांतच राहत होते. पण या शेतात एकही चेरोकी घर नाही. वरच्या अंगाला अर्ध्या मैलावर १८८६ ची मिंगस गिरणी आहे, पाणचक्कीऐवजी लोखंडी टर्बाइनवर चालणारी, त्या काळाच्या मानाने अगदी आधुनिक. तिच्याजवळच्या टेकाडावर काही कबरी आहेत, गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्यांच्या. नुसते रानातले दगड, नावं नाहीत. डोंगरी शेतकरी स्वतःच्या हातांनी सगळं करायचा, या गोष्टीत ते हात कुठे बसवायचे? गेल्या काही वर्षांत पार्कने या डोंगरांतल्या काळ्या माणसांच्या इतिहासाचा शोध हाती घेतला आहे, हे चांगलं आहे.

इथली जनावरंही जमवलेलीच. सकाळी किंवा संध्याकाळी शेताशेजारच्या कुरणात एल्क उतरतात, म्हशीएवढाली सांबरं म्हणा, आणि रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. शिकारीमुळे एल्क या भागातून अठराव्या शतकाअखेर संपले होते. २००१ मध्ये २५ आणि २००२ मध्ये आणखी २७ बाहेरून आणून कॅटालूचीत सोडले. ते वाढले, डोंगर ओलांडून स्वतःहून ओकोनालुफ्टीला आले. कुणी हलवून न आणता आलेले इथले हे एकटेच.

चेस्टनटचं तसं झालं नाही. डेव्हिसचं घर, कुंपणाची लाकडं, डुकरांचं खाद्य, शहरात विकायची फळं, कातडी कमवायचा अर्क, सगळं या एका झाडाचं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात तिथल्या वनपालाच्या लक्षात आलं की चेस्टनटच्या सालीवर नारिंगी चट्टे पडतायत. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर आलेली ती बुरशी. पन्नास वर्षांत तिने सुमारे चार अब्ज झाडं मारली. स्मोकीजमध्ये ती पोचली १९२० च्या दशकात, आणि १९४० पर्यंत उभी झाडं सुकून पांढरी पडली होती. लाकूड कंपन्या, बुरशी आणि पार्क ही तिन्ही संकटं डोंगरी शेतकऱ्यावर एकाच पिढीत आली. बुरशी मुळांना मारत नाही, म्हणून रानात आजही चेस्टनटला फुटवे येतात, मनगटाएवढे होतात आणि मरतात. बुरशीला पुरून उरणारं वाण तयार करायचे प्रयत्न १९८० च्या दशकापासून चालू आहेत. डेव्हिसने चिरला तसा बुंधा मात्र या रानात आता मिळणार नाही. त्या घरातली भिंत हे त्या झाडाचं शिल्लक राहिलेलं रूप आहे. उद्या एखादी फाक कुजली तर तिची जोड समोरच्या भिंतीत असेल, पण बदली नसेल.

याच कारणाने मी इमारती हलवणाऱ्यांच्या बाजूचा झालो आहे. जिथली वस्तू तिथेच हवी, असं तत्त्व म्हणून बरोबर वाटतं. पण सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाचा पाऊस पश्चिम उत्तर कॅरोलिनावर कोसळला तेव्हा कॅटालूची खोऱ्यातले रस्ते उखडले आणि ते खोरं दीर्घकाळ बंद राहिलं. मेसरची कोठी ओकोनालुफ्टीला होती म्हणून माणसांना पाहायला मिळत राहिली. जपणूक करणाऱ्याला तत्त्व आणि छप्पर यांतलं एक निवडावं लागतं आणि त्याने छप्पर निवडलं. मग त्याने निदान शेतावरच मोठ्या अक्षरांत लिहावं, की हे शेत आम्ही जुळवलं, या या घरांतून, ज्यांचे मालक आम्हीच उठवले.

उठवण्याचा हिशेब पुरता मिटलेलाही नाही. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमसाठी वीज हवी म्हणून १९४२ ते ४४ मध्ये फाँटाना धरण बांधलं. जलाशयाच्या उत्तरेकडची ४४,००० एकर जमीन पार्कला जोडली. बुडालेल्या रस्त्याऐवजी नवा रस्ता देऊ, म्हणजे लोकांना आपल्या कबरस्तानांपर्यंत जाता येईल, असा करार १९४३ मध्ये झाला. सातेक मैल रस्ता झाला, एक बोगदा झाला आणि काम थांबलं. लोक त्याला ‘कुठेच न जाणारा रस्ता’ म्हणतात. २०१० मध्ये सरकारने रस्त्याऐवजी स्वेन परगण्याला ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, शेवटचा हप्ता २०१८ मध्ये चुकता झाला. दर उन्हाळ्यात पार्कच्या बोटी जुन्या कुटुंबांना जलाशयापलीकडे नेतात. ती माणसं कबरी साफ करतात, फुलं वाहतात, प्रार्थना म्हणतात आणि तिथेच पंगत बसते. वस्तूंचं संग्रहालय ओकोनालुफ्टीला आहे, पण या समाजाला जिवंत पाहायचं तर अशा एखाद्या दिवशी.

पर्यटकाला त्या बोटीत जागा नाही आणि नसावीच. जाणार असाल तर माझा क्रम असा सुचवेन. आधी चेरोकी गावातलं त्यांचं स्वतःचं संग्रहालय. १९४८ चं आहे आणि २०२३ पासून ‘म्युझियम ऑफ द चेरोकी पीपल’ म्हणवतं. मग नदीकाठच्या वाटेने चालत शेतावर, मागच्या बाजूने. मग मिंगस गिरणी. घाटमाथ्यावर गेलात तर स्मोकीजचं सर्वोच्च शिखर आहे. त्याचं क्लिंगमन्स डोम हे नाव बदलून सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला कुवोही हे त्याचं जुनं चेरोकी नाव परत मिळालं. एल्कपासून दीडशे फूट लांब राहा, तसा नियम आहे आणि मोसमात नर खरोखर अंगावर येतात. पार्कला प्रवेशशुल्क नाही, कारण टेनेसीने घाटरस्ता देतानाच टोल लावायचा नाही अशी अट घातली. गाडी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभी करायची तर मात्र २०२३ पासून दिवसाला पाच डॉलरची चिठ्ठी लागते. बहुतेक लोक हे शेत पंधरा मिनिटांच्या आत पाहून निघतात. तुम्ही चिठ्ठी घ्या.